मदत हवी आहे: बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमधले लाइट खाली लोंबतायत

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत फ्लॅट आहे. बाथरूमला जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग आणि त्यात गोल एलईडी लाइट, स्प्रिंगच्या क्लिपांवर अडकणारे. शॉवरजवळचा लाइट पावसाळ्यापासून एका बाजूने सुटून लोंबतोय. वर ढकलला की बसतो, आठवडाभरात परत खाली. आता आरशावरचाही हलायला लागलाय. काढून पाहिला तर स्प्रिंगा ठणठणीत, पण भोकाची कड भुसभुशीत झालीय. बोट लावलं की पांढरी पावडर हातात येते.

वायरमन म्हणतो सीलिंगवाल्याला बोलवा, सीलिंगवाला म्हणतो सगळं उतरवून पीव्हीसी करा. दोन भोकांसाठी एवढा खर्च जिवावर आलाय. शेजारचे काका एम-सील सुचवतायत (त्यांचा सगळ्यावर तोच उपाय असतो). सिलिकॉनने चिकटवले तर चालेल का? सासूबाई पहाटे अंघोळीला जातात, डोक्यात पडला तर काय, ही धास्ती आहे.

प्रतिसाद:
ताई, चिकटवू नका. लाइटचा ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारी छोटी डबी) वर सीलिंगच्या पोकळीत असतो. तो गेला की चिकटवलेला लाइट ओढताना उरलेला बोर्डही खाली येईल.

आधी भोकातून टॉर्च मारून बोर्डाची वरची बाजू बघा. तपकिरी डाग किंवा ओल दिसली तर वरच्यांच्या बाथरूममधून गळतंय. ते थांबेपर्यंत काहीही बसवलं तरी फुकट. वर कोरडं असेल तर गीझरच्या पाण्याच्या वाफेने कड मऊ झालीय. एक्झॉस्ट आहे ना? अंघोळीनंतरही थोडा वेळ चालू राहू द्या.

हात घालण्याआधी एमसीबी पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं आणि फेज वर तसाच जिवंत राहतो. टेस्टर लावून खात्री करा. ड्रायव्हरकडे येणारी वायर २३० व्होल्टची असते. ती नुसती पिळून टेप गुंडाळलेली दिसली तर वायरमनकडून नीट कनेक्टर लावून घ्या.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर. आता मूळ दुखणं. स्प्रिंग बोर्डाच्या वरच्या बाजूवर दाब देऊन लाइट धरते. तिथला जिप्समच पिठासारखा झाला तर ती टेकणार कशावर? म्हणून तिला टेकायला पक्कं काहीतरी द्या. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या बोर्डाच्या) दोन पट्ट्या भोकाच्या व्यासापेक्षा लांब कापा, भोकातून तिरक्या आत सरकवा, दोन्ही बाजूंना आडव्या ठेवून खालून स्टीलच्या स्क्रूने आवळा. स्क्रू चांगल्या बोर्डात घ्या, भुसभुशीत भागात नको. डोकी पुट्टीने झाका. प्लायवुड वापरू नका, ओलीने फुगतं.

बोर्ड साधारण १२.५ मिमीचा असतो, त्यात पट्टीची जाडी वाढते. तेवढ्या जाडीवर क्लिप पूर्ण उघडते का, ते लाइट हातात असतानाच बघा. भोक फारच वाढलं असेल तर सरकत्या क्लिपांचे अ‍ॅडजस्टेबल कटआउटवाले लाइट मिळतात, त्यांची कड रुंद घ्या म्हणजे डागही झाकला जातो. शॉवरजवळ आयपी ६५ (म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा) लिहिलेलाच घ्या. मात्र भोकापासून वीतभर अंतरावरही बोट रुतत असेल तर डागडुजी विसरा, तेवढा बोर्ड कापून हिरवा, ओल सोसणारा बोर्ड लावा. अख्खं सीलिंग उतरवायची गरज तरीही नाही.

धागाकर्ती:
खूप आभार. एमसीबी पाडून टॉर्चने पाहिलं, वर कोरडं आहे, डाग नाहीत. भोकाजवळ दोन बोटं मऊ, पुढे बोर्ड टणक. म्हणजे पट्ट्यांवर भागेल असं दिसतंय. सासूबाईंना तोवर दुसरं बाथरूम दिलंय. डब्ल्यूपीसीचा छोटा तुकडा सुटा मिळतो का, की अख्खी शीट घ्यावी लागते?

प्रतिसाद:
शीट कशाला? आसपास कुठे फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराकडे मागा, कापून उरलेले तुकडे पडलेलेच असतात. तोच मापात कापूनही देईल.