जुन्या स्की बोटीच्या सडलेल्या तुळया घरच्या घरी बदलाव्यात का?

सरोवरकाठ (मिनेसोटा)

१९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने आमच्या राज्यातल्या लेक पेपिनवर दोन फळ्या पायांना बांधून बोटीमागे पाण्यावर उभे राहून दाखवले आणि वॉटर स्कीइंग सुरू झाले. त्याच राज्यात आज अनेक गॅरेजांमागे, ताडपत्रीखाली, १९८०च्या दशकातल्या स्की बोटी कुजत पडल्या आहेत. अशी बोट विकत घेऊन स्वतःच्या हातांनी पुन्हा उभी करणे हे योग्य आणि करण्याजोगे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र कामाची सुरुवात तळाच्या तुळयांपासून झाली पाहिजे.

ज्यांचा या बोटींशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पर्धेसाठी बनवलेल्या पारंपरिक स्की बोटीत इंजिन बरोबर मध्यभागी असते आणि त्यापासून निघालेला शाफ्ट (फिरणारा धातूचा दांडा) तळातून तिरका बाहेर जाऊन पाण्यातल्या पंख्याला थेट फिरवतो. त्यामुळे वजन मध्यावर राहते, मागची लाट लहान उठते आणि बोट सरळ रेषा सोडत नाही. स्लॅलमच्या, म्हणजे तरंगत्या खुणांना वळसे घालत जाण्याच्या स्पर्धेच्या, २५९ मीटरच्या मार्गावर पुरुष गटात ताशी ५८ आणि महिला गटात ताशी ५५ किलोमीटरपर्यंत वेग असतो, तेव्हा हे गुण किती मोलाचे आहेत ते स्कीवर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच वळणावर कळते. स्की नॉटीक या नावाच्या स्की बोटीची नवी घेतली तर किंमत आता एक लाख डॉलरच्या वर गेली आहे. तशाच जातीची चाळीस वर्षांपूर्वीची बोट काही हजार डॉलरांत मिळते.

ती स्वस्त मिळण्याचे मुख्य कारण डोळ्यांना दिसत नाही. तळाला लांबीच्या दिशेने ज्या तुळया असतात, ज्यांना सगळे स्ट्रिंगर म्हणतात, त्या अनेक जुन्या बोटींत लाकडाच्या असून त्यांवर फायबरग्लासचा थर असतो. इंजिन याच तुळयांवर बसते आणि स्कीअरची दोरी बांधण्याचा खांबही आपला भार शेवटी तळाच्या याच सांगाड्यावर टाकतो. फरशीत बसवलेल्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी शिरते, खालचा फोम ते धरून ठेवतो आणि लाकूड वर्षानुवर्षे ओलसर राहून सडते. वरचे फायबर मात्र शाबूत दिसते. गेल्या शरदात मी एक बोट पाहिली. तिची गादी नवी होती, रंगाला आरशासारखी चकाकी होती आणि मालक अतिशय सज्जन होता. त्याच्या परवानगीने इंजिनाच्या पायाचा एक लांबलचक स्क्रू पान्याने सोडवू लागलो, तर दुसऱ्याच फेऱ्याला तो बोटांनी फिरू लागला. बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत काळसर, ओला भुसा भरला होता आणि भोकातून चहाच्या रंगाचे पाणी वर आले.

अशी बोट टाकून द्यावी असे मला वाटत नाही. लाकूड, काचतंतूंचे कापड आणि त्यात मुरून कडक होणारे रेझिन या तीन गोष्टींचे काम शिकता येते. चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

टेनेसीवासी

मास्टरक्राफ्ट आणि मालिबू या स्की बोटी बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांचे कारखाने ज्या राज्यात आहेत तिथे मी राहतो, आणि आजूबाजूला अर्धवट सोडलेल्या बोटी इतक्या पाहतो की धागालेखकांच्या मताला स्पष्ट विरोध नोंदवणे मला आवश्यक वाटते.

स्की नॉटीक बनवणाऱ्या करेक्ट क्राफ्टने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तुळयांतले लाकूड बंद केले. त्यानंतरची, लाकूड नसलेली बोट थोडे अधिक पैसे मोजून मिळत असेल, तर सडका सांगाडा घरी आणण्याचे प्रयोजन काय? फरशी कापायची, ओला फोम खरवडून काढायचा, जुने फायबर घासायचे, नव्या तुळया बसवायच्या, पुन्हा फोम, पुन्हा फरशी. आणि एवढे सगळे झाल्यावर इंजिन, वायरिंग, गाद्या व ट्रेलर यांचे काम शिल्लकच. रेझिन, कापड आणि चांगले लाकूड यांचा खर्च बोटीच्या खरेदीइतका सहज होतो. विकायला काढली तर बाजार तिला जुनी बोटच समजतो, कारण घरी केलेले काम आतून कसे आहे हे घेणाऱ्याला दिसत नाही. जी शंका धागालेखकांना त्या सज्जन मालकाच्या बोटीविषयी आली, तीच उद्या त्यांच्या बोटीविषयी येईल.

यापेक्षा मोठा मुद्दा वेळेचा आहे. मिनेसोटात सरोवरावरचा हंगाम मेअखेर ते सप्टेंबर एवढाच असतो. मुले ज्या वयात स्की शिकतात ते वय गॅरेजात रेझिन सुकण्याची वाट पाहत थांबत नाही. मला स्कीइंग प्रिय आहे म्हणूनच मी म्हणतो की चालणारी बोट घ्या आणि मुलांना पाण्यावर न्या.

शाफ्ट_आणि_पंखा (ओहायो)

टेनेसीवासी यांचा आर्थिक हिशोब मला मान्य आहे. पण "घरी केलेले काम दिसत नाही" हा आक्षेप कामाचे टप्प्याटप्प्याने फोटो ठेवणाऱ्याला लागू होत नाही. खरी अडचण निराळी आहे आणि तिच्याकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले आहे. ती अडचण तळाच्या आकाराची.

तुळया काढल्या की तळ लवचीक होतो. बोट ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर तशीच ठेवून दोन्ही तुळया एकदम कापल्या, तर तळाला बाक येतो आणि नव्या तुळया तो बाक कायमचा पक्का करतात. मग बोट वेगात नाक वर-खाली करते किंवा लाट बिघडते आणि कारण काही केल्या सापडत नाही. म्हणून आधी तळाच्या आकाराचे भक्कम आधार बनवावेत. बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून इंजिनाच्या पायांची उंची मोजून ठेवावी आणि एका वेळी एकच तुळई बदलावी. जुने फायबर जाड सॅंडपेपरने घासून, अॅसिटोनने पुसून घ्यावे, कारण जुन्या थरावर नवा थर रासायनिकरीत्या जुळत नाही. तो केवळ खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतो. याच कारणासाठी मी इपॉक्सीच्या, म्हणजे जुन्या पृष्ठभागाला अधिक घट्ट चिकटणाऱ्या रेझिनच्या, बाजूचा आहे. ते महाग आहे आणि त्यावर जेलकोट (बाहेरचा चकचकीत रंगीत थर) नीट बसत नाही. परंतु फरशीखाली जेलकोटची गरजच नसते.

शेवटी इंजिन परत बसवल्यावर शाफ्टची जुळणी. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांच्या दोन चकत्या समोरासमोर आणून त्यांमधली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजावी. तिच्यातला फरक ०.००३ इंचाहून अधिक नसावा. ही जुळणी बोट पाण्यात उतरवून थोडा वेळ गेल्यावर पुन्हा तपासावी, कारण ट्रेलरवरचा तळ आणि पाण्यावर तरंगणारा तळ यांचा आकार किंचित वेगळा असतो. जुळणी चुकली की बोट थरथरते आणि शाफ्टला आधार देणारे रबरी बेअरिंग लवकर झिजते.

हे काम अवघड आहे. पण यातली एकही पायरी अशी नाही की जी मोजपट्टी आणि सबुरी असलेल्या माणसाला जमणार नाही.

बंदरावरचा (रत्नागिरी)

स्की बोट मी पाहिलेली नाही. मात्र फायबरच्या कामात माझे आयुष्य गेले आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे जुन्या लाकडी होडीला बाहेरून फायबर चढवून घेण्याची पद्धत आहे. लाकूड पूर्ण सुकण्याआधी फायबर चढवले तर ओल आतच कोंडते आणि होडी वरून धडधाकट दिसत असताना आतून भुसभुशीत होते. धागालेखकांनी भोकातून आलेल्या पाण्याचे जे वर्णन केले आहे ते मी इथे वेगळ्या होड्यांत पाहिले आहे. सबब, नवी तुळई बसवायची तर लाकूड कोरडे हवे, त्यात पुढे पाडलेले प्रत्येक भोक रेझिनने भरून मगच स्क्रू घालावा. पाणी जाते ते भोकांतूनच.

एक इशारा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पॉलिस्टर रेझिनसोबत ते कडक करण्यासाठी कोबाल्टचा अॅक्सिलरेटर आणि हार्डनर असे दोन वेगळे डबे मिळतात. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, मग दुसरा घालावा. अमेरिकेत अॅक्सिलरेटर बहुधा आधीच मिसळलेला येतो असे भाच्याकडून कळले. तरी डब्यावरचा मजकूर वाचावा. बादलीभर रेझिन एकदम कालवू नये, ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते. कुबट, दमट हवेत काम करू नये. फायबर घासताना साधा रुमाल बांधून चालत नाही. धुळीचा मास्क वेगळा आणि रेझिनच्या वासासाठी लागणारा मास्क वेगळा.

काम स्वतः करावे की नाही? माझ्या मते पहिली तुळई जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावी आणि दुसरी स्वतः.

ह्यूस्टनहून

वरची सर्व चर्चा लाकूड आणि फायबर यांवर झाली. माझा विरोध तुळया बदलण्याला मुळीच नाही. तो आहे "इंजिन नंतर बघू" या वृत्तीला.

या बोटींतली इंजिने मोटारीच्या इंजिनांवरून बनवलेली असतात. फोर्डचे ३५१ किंवा शेव्हरलेटचे ३५० घनइंचांचे. त्यामुळे स्टार्टर, ऑल्टरनेटर, कार्ब्युरेटर मोटारीच्या दुकानातून स्वस्तात आणण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खालून निघून जाते, बोटीत मात्र तळाशी साचून राहते. बोटीसाठी बनवलेल्या स्टार्टर-ऑल्टरनेटरमधून ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते आणि बोटीचा कार्ब्युरेटर भरून वाहिला तरी जादा पेट्रोल बाहेर न सांडता आतच ओढले जाते. मोटारीच्या भागांत ही सोय नसते. जुन्या रबरी पेट्रोलनळ्या आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने खराब होतात, तेव्हा त्या न बघता बदलाव्यात. इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा चार मिनिटे चालवावा आणि तरीही नाकाने वास घ्यावा. शिवाय यांतली काही इंजिने मोटारीच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे भाग मागवण्याआधी दिशा पाहावी.

थंडीच्या राज्यातली बोट असेल तर खरेदीआधी आणखी एक चौकशी हवी. हे इंजिन सरोवराचेच पाणी आत घेऊन थंड होते. हिवाळ्यापूर्वी ब्लॉकमधले ते पाणी एकदा जरी काढायचे राहिले, तरी बर्फ होऊन ओतीव लोखंड तडकते. अशी तडक कधी बाहेरून दिसते, कधी फक्त ऑइल दुधाळ झाल्यावर कळते. आठही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजावे आणि त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर तुळयांचा विचारसुद्धा करू नये.

फोमबद्दलही एक. अनेक जण तो काढल्यावर परत भरत नाहीत, कारण "त्यानेच लाकूड सडवले". हा फोम बोट पाण्याने भरली तरी तिला बुडू न देण्यासाठी असतो. वीस फुटांखालच्या इनबोर्ड (इंजिन आत असलेल्या) बोटींत उत्पादकाने अशी सोय ठेवावी हा अमेरिकी तटरक्षक दलाचा नियम उगाच झालेला नाही. ज्यात मुले बसणार त्या बोटीतून तो काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला नैतिकदृष्ट्या नाही.

टेनेसीवासी

ह्यूस्टनच्या सदस्यांनी माझीच बाजू बळकट केली आहे. फायबर, लाकूडकाम, इंजिन, पेट्रोल आणि वीज, इतक्या विद्या एका माणसाने एका गॅरेजात शिकाव्यात आणि प्रत्येकीतली चूक जिवावर बेतू शकते, असा हा उद्योग आहे. चार वर्षे जुन्या अनुभवावर बोलत नाही. दर हंगामात पाहतो. जुन्या बोटींसाठी विमा कंपन्या तज्ज्ञाची तपासणी मागतात, तेही लक्षात घ्यावे.

सरोवरकाठ (मिनेसोटा)

सर्वांचे आभार. ह्यूस्टनच्या मुद्द्यांपैकी कॉम्प्रेशन आणि ब्लॉकची तपासणी मी खरेदीच्या अटींत घातली आहे. फोम परत भरणारच आहे. रत्नागिरीच्या दादांचा पहिल्या तुळईचा सल्लाही पाळणार. इथे बोटींचे फायबर दुरुस्त करणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते पहिल्या दिवशी शेजारी उभे राहायला तयार आहेत.

टेनेसीवासी यांच्याशी मतभेद मात्र कायम आहे. या बोटींचा तळ ज्या साच्यातून निघाला तो आकार आजही स्कीअरला हवाहवासा वाटतो, आणि फायबरग्लासचा तो तळ सडत नाही. सडते ते आतले लाकूड. शंभर टक्के चांगला तळ कचराभूमीत पुरायचा, कारण आतल्या दोन तुळया बदलण्याची मेहनत नको, हे मला पटत नाही. फायबरग्लासच्या टाकाऊ बोटींचे करायचे काय हा प्रश्न इतका बिकट आहे की वॉशिंग्टन राज्याला जुन्या बोटी मालकांकडून स्वीकारून नष्ट करण्याची योजना चालवावी लागते. हंगामाबद्दलचा त्यांचा आक्षेप रास्त आहे. त्यावर माझे उत्तर इतकेच की मिनेसोटात सरोवर गोठलेले असते तेव्हा कोणीही स्की करत नाही. तापवता येईल असे गॅरेज आणि ऑक्टोबर ते एप्रिल एवढा काळ हाताशी असेल, तर मुलांचा उन्हाळा बुडत नाही. ज्यांच्याकडे असे गॅरेज नाही त्यांनी हे काम घेऊ नये, कारण थंडीत रेझिन धरत नाही.

शनिवारी दुसरी एक बोट पाहायला जात आहे. पाना, लाकडी हातोडी आणि कॉम्प्रेशन गेज सोबत घेतले आहे. मालकाने स्क्रू काढू देण्यास नकार दिला, तर व्यवहार होणार नाही.