मदत हवी आहे: इग्नू मुक्त विद्यापीठाच्या बालसंगोपन डिप्लोमाचं प्रोजेक्ट रविवारी करता येतं काय?

मी राहायला खानापुरात, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, सोमवार ते शनिवार. बारावी मराठी माध्यमातून झालीय. कन्नड बोलते, पण वाचायला जमत नाही. हिंदी पुस्तकं चालतील. नोकरी सोडणं शक्य नाही.

इग्नूचा डीईसीई हा डिप्लोमा बघितला. 32 क्रेडिट, म्हणजे तीन लेखी विषय आणि एक प्रोजेक्ट, प्रत्येकी 8. क्रेडिटला 30 तास धरले तर एकूण 960 तास. वर्षात संपवायचं तर आठवड्याला 18-19 तास पडतात, म्हणून दोन वर्षांत नऊ-नऊ तास असा हिशोब घातलाय. सत्रकार्य (घरी लिहून द्यायचे स्वाध्याय) रात्री लिहीन, जून-डिसेंबरच्या परीक्षांना रजा काढीन. तेवढं जमतं.

अडलंय ते प्रोजेक्टपाशी. त्यात लहान मुलांसोबत प्रत्यक्ष खेळ-उपक्रम घ्यायचे असतात, आणि अंगणवाडी, बालवाडी दोन्ही रविवारी बंद. अभ्यासकेंद्रात फोन केला, "आधी प्रवेश घ्या, मग बघू" एवढंच उत्तर मिळालं. फी भरल्यावर हे कळून काय उपयोग?

पंधरा दिवसांत मिळणाऱ्या 'नर्सरी टीचर' सर्टिफिकेटांची जाहिरात कृपया नको. सरकारी भरतीसाठीही नाही, खासगी बालवाडीत काम करायचंय.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुणी नोकरी करत हा डिप्लोमा पुरा केलाय काय? गल्लीतली तीन ते सहा वर्षांची मुलं रविवारी जमवून घेतलेले उपक्रम चालले काय, की बालवाडीच्या बाईंची सही लागलीच?