टाकी सफाई आणि डेक्कन क्वीन

सावंत (बी-३०२): सकाळपासून ग्रुपवर नुसत्या गाड्याच धावतायत. उद्या १० ते ४ पाणी बंद, हा सेक्रेटरींचा मेसेज वर कुठे गेला तो शोधून दाखवा आधी. मागच्या वेळी असंच झालं आणि बी विंग बोंबलत बसली.

गोखले काकू (ए-१०१): अहो सावंत, चिडू नका हो, कोडं मीच टाकलं, नातवाचं आहे. ज्यांचं राहिलं त्यांच्यासाठी परत टाकते. मुंबईहून डेक्कन क्वीन ताशी ६० ने निघाली, त्याच वेळी पुण्याहून दुसरी गाडी ताशी ४० ने. भेटतील तेव्हा मुंबईच्या जास्त जवळ कोण? 🙏

सावंत: मी परत टाका म्हटलं नव्हतं काकू.

मोरे (सी-५०१): डेक्कन क्वीन. फास्ट आहे ती.

केतकी (ए-२०३): काका फास्ट आहे म्हणजे मुंबईपासून लांब जाणार ना 😂 आणि भेटल्या की दोघी एकाच जागी, अंतर सेम

मोरे: फास्ट गाडी कधीही पुढेच. डेक्कन क्वीन.

कदम (सी-२०४): ते ६० आणि ४० नुसते फसवायला घातलेत, आपल्या मेंटेनन्स बिलासारखं, वर दहा रकाने आणि भरायचे तेवढेच.

खजिनदार: कदम साहेब, रकाने एजीएममध्ये समजावले होते. आपण त्या दिवशी आला नव्हता.

मावशी (सी-१०२): गाडीवरून आठवलं, १०४ ची स्कूटर अजून जिन्याखालीच आहे. मी कुणाचं नाव घेत नाही.

कदम: १०४ म्हटल्यावर नाव घ्यायचं काय राहिलं मावशी 😄

राणे काका (ए-४०२): मी मोटरमन होतो म्हणून राहवत नाही. आधी टाइमटेबल बघा, डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून सुटते, मुंबईहून संध्याकाळी. बरं ते सोडा. सीएसएमटी ते पुणे १९२ किमी, दोघींचा मिळून वेग १००, म्हणजे दोन तासांना पाच मिनिटं कमी असताना गाठ पडणार आणि मुंबईची गाडी तेव्हा ११५ किमीवर असणार. कर्जत १०० वर, लोणावळा १२८ वर, म्हणजे भेट भर घाटात! तिथे १ इन ३७ चा चढ, आमच्या वेळी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावल्याशिवाय गाडी वर जात नव्हती, तिथे कसले आलेत ताशी ६०.

मोरे: म्हणजे डेक्कन क्वीनच ना?

केतकी: 🤦‍♀️

राणे काका: ऐक केतकी, तुझंही पूर्ण बरोबर नाही. गाडी म्हणजे काय ठिपका आहे का? इंजिनाला इंजिन भिडलं त्या क्षणी मुंबईच्या गाडीचे सगळे डबे मुंबईकडच्या बाजूला असतात आणि पुण्याच्या गाडीचे पुण्याकडे, तेव्हा जवळची मुंबईचीच. शेवटचे डबे एकमेकांना सोडतात तोवर उलटं झालेलं असतं, पुण्याची गाडी पुढे मुंबईकडे गेलेली. भेटणं म्हणजे नक्की कधी, ते कोड्यात सांगितलंच नाही.

मोरे: काकाही तेच म्हणाले. डेक्कन क्वीन. 👍

सावंत: टाकी. उद्या. १० ते ४.

कदम: आता हे सांगा, इलेक्ट्रिक गाडी कल्याणकडे चाललीय, वारा पश्चिमेकडून, धूर कुठे जाईल?

गोखले काकू: पूर्वेकडे.

केतकी: काकू 🙈

राणे काका: ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवर गाडी सुरू झाली. शंभर वर्षं होऊन गेली आणि तुम्ही अजून धूर शोधताय.

गोखले काकू: मी घाईत वाचलं हो, गॅसवर दूध होतं.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. बाकी राणे काका, दोन्ही गाड्यांची लांबी सारखी धरली तर अर्ध्या क्रॉसिंगला दोघी सेम अंतरावर येतात ना?

राणे काका: येतात. पण डबे मोजायला हवेत.

मोरे: मग मार्क कुणाला?

सावंत: ज्याने टाकलं त्याचे कापा.

गोखले काकू: कापा हो. नातवाला सांगते, सोसायटीत सगळे नापास.