भिंतीला होडी टांगली की मासा ताजा होतो का?

सातरस्तेकर
परवा आपल्याच ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लांबलचक पोस्ट टाकली होती, 'सोलापुरात किनाऱ्याचा फील देणारं निवांत सी-फूड हॉटेल कसं निवडाल'. सार असं, की भिंतीला होडी आणि जाळं हवं, पिवळे दिवे हवेत, मंद गाणी हवीत, मेनूकार्ड जाडजूड हवं आणि सुरमई-पापलेट बारा महिने मिळायला हवं. हीच म्हणे क्वालिटीची खूण. खाली टाळ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, बारा महिने सुरमई ही डीप फ्रीझरची खूण आहे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नेमका त्याच सुमारास आपला आषाढ येतो आणि गटारीच्या नावाने अख्खं गाव मासे शोधत फिरतं. त्या दिवसांत 'आजच आलीय साहेब' म्हणून जी सुरमई ताटात पडते, ती कुठल्या बोटीने पकडली हे वेटरला एकदा विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

म्हणजे सोलापुरात चांगला मासा मिळतच नाही असं नव्हे. रत्नागिरी साडेतीनशे किलोमीटर. आंबा घाट चढून कोल्हापूर, सांगली, सांगोला, मंगळवेढा करत रात्रीची गाडी सकाळी इथे पोचते, आणि बर्फात नीट भरलेला मासा एवढा प्रवास आरामात सोसतो. पण ती गाडी रोज येत नाही. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी म्हटलं की खाणारा निम्मा. हॉटेलवाला माल मागवतो तो बुधवार, शुक्रवार, रविवार धरून. शिळं पदरात पडतं ते मधल्या दिवशी.

म्हणून मी दुपारी फोन करून विचारतो, 'आज काय आलंय?' 'सगळं आहे' म्हणाला की फोन ठेवतो. 'सुरमई नाही, बांगडा चांगला आहे' म्हणाला की टेबल सांगून ठेवतो. पापलेट घ्यायचं तर अख्खं, आणि शिजवायच्या आधी ताटलीत आणून दाखवायला सांगायचं. डोळा चकचकीत हवा, कल्ले लाल हवेत, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. सुरमईच्या तुकडीला कडेने पांढुरकी, कोरडी किनार दिसली की ती फ्रीझरमध्ये मुक्काम करून आलेली. आणि रवा फ्राय नको, तवा फ्राय मागा. रव्याखाली काहीही लपतं.

बोंबील ओला मागूच नका, सगळा पाण्याचा मासा, तो घाट चढेपर्यंत विरघळतो. सुका खा, झकास लागतो.

विजापूर रोडची वहिनी
तुम्ही बसा कल्ले बघत. मी आधी बाथरूम बघते.

त्या पोस्टवर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, म्हणून बोलते. तुमच्या त्या 'खऱ्या' मासेवाल्या हॉटेलात 'फॅमिली' म्हणजे काय असतं माहितीय? प्लायवूडचा खोका. दाराला मळका पडदा आणि पडद्यापलीकडे परमिट रूम. मागच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन गेलो. गुडघे दुखतात त्यांचे, बाक एवढा उंच की पाय लोंबकळत होते. शेजारी कुणाची तरी पार्टी रंगलेली, भाषा ऐकवत नव्हती. बांगडा ताजा होता हो, अगदी मान्य. कधी एकदा उठतोय असं झालं.

रात्रीचं जेवण म्हणजे दोन तास बसायचं असतं. मुलं सांडतात, म्हाताऱ्यांना काटे काढून द्यावे लागतात. भिंतीला जाळं टांगणारा माणूस निदान संडासाला कडी तरी लावतो.

सातरस्तेकर
कडी लावलेल्या संडासाला माझा विरोध नाही, याची नोंद घ्यावी. पण कडीचे पैसे सुरमईत वसूल होतात, त्याचं काय?

विजापूर रोडची वहिनी
होऊ देत. द्यायला तयार आहे.

देवगडची लेक
लग्न होऊन सोलापुरात आले, केस पांढरे झाले, अजून इथल्या हॉटेलात धड माशाचं कालवण खाल्लेलं नाही. ताजा की शिळा हे नंतर बघू. माशाच्या कालवणात शेंगदाण्याचा कूट कोण घालतं? वरून काळं तिखट! मासा आहे की वांगं हेच कळत नाही. बांगड्याच्या तिखल्यात दोन-चार तिरफळं ठेचून टाकावीत, तर तिरफळ म्हटल्यावर आचारी माझ्याकडे बघतो. सोलकढी तर विचारूच नका, गुलाबी रंगाचं दूध. आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा पत्ता नाही, नारळाची पावडर जिभेला लागते.

माझं मत विचाराल तर घाट उतरल्याशिवाय मासा खाऊ नये. मटण खा. ते तुम्हाला जमतं.

कडक भाकरी
लै झालं ताई तुमचं. कूट आमच्या रक्तात आहे. काळं तिखट लावून तव्यावर कडक भाजलेली सुरमई, ज्वारीची भाकरी आणि लिंबू. देवगडकरांनी एकदा खाऊन बघावी, मग बोलावं.

आणि सातरस्त्या, तू काय बोलूलालास बे? रव्याखाली लपतं म्हणे. रवा फ्रायचा जन्मच कुरकुरीत लागायला झालाय. तुला मासा खायचाय की पंचनामा करायचाय?

देवगडची लेक
खाऊन बघितलीय. भाकरी चांगली होती.

पूर्व भाग
सगळे कोकण कोकण करताय, समुद्र फक्त पश्चिमेलाच आहे का? सोलापूरहून हैदराबादचा मासळी बाजार तीनशे किलोमीटर. तुमच्या रत्नागिरीपेक्षा जवळ, आणि वाटेत घाटही नाही. कोणार्क एक्सप्रेस आपल्या स्टेशनवरून थेट विशाखापट्टणमला जाते. आमच्या तेलुगू पद्मशाली घरांत मासा चिंचेच्या पुलुसूत, म्हणजे आंबट रश्श्यात शिजतो, आणि आदल्या रात्रीचा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. हे एकाही हॉटेलच्या मेनूवर नाही. का, तर बोर्डावर 'मालवणी' लिहिलं की गिऱ्हाईक येतं.

दुसरं. पूर्व किनाऱ्याची मासेमारीबंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणजे तुमचा किनारा बंद असताना जूनच्या मध्यानंतर आमचा उघडलेला असतो. सातरस्तेकरांनी विचारलं ना, आषाढात मासा कुठला? असा येऊ शकतो. ताजा. फक्त खरं सांगायला हॉटेलवाल्याची जीभ रेटत नाही, कारण 'आंध्रचा' म्हटलं की तुम्हीच नाक मुरडणार.

आणि तुम्ही चवीने खाता ती 'मालवणी कोळंबी' बऱ्याचदा आंध्रच्या तळ्यात वाढवलेली व्हेनामी जातीची असते. देशातली तळ्यातली कोळंबी सर्वांत जास्त तिथेच होते. खाल्लीत ना आजवर बोटं चाटत?

सातरस्तेकर
तारखांचा मुद्दा बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य. पण त्या गाडीने मासा येतो हे तुम्ही पाहिलंय, की नुसतं टाइमटेबल वाचलंय? आणि जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागलं की तुमच्याकडे मासा खातात, तेव्हा तर दोन्ही किनारे बंद. मग तो कुठला?

पूर्व भाग
मरळ. तळ्यातला, जिवंत. घरी आणून साफ करतात. तुमच्यासारखा फोन लावावा लागत नाही.

होटगी रोडवाला
आता गोव्याचं विमान आहे की. सकाळी पकडलेला मासा दुपारी सोलापुरात. वाद मिटला.

कडक भाकरी
९ जून २०२५ ला ते विमान सुरू झालं, ऐन मासेमारी बंदीत! आपलं टायमिंग म्हणजे टायमिंग. शिवाय छोटं विमान, माणसांच्या बॅगा मावल्या तरी खूप. मांडीवर सुरमई घेऊन बसणार का?

भीमाकाठ
सगळं वाचलं. हसू आलं. गावाच्या डोक्यावर ११७ टीएमसीचं उजनी धरण, आणि तुम्ही साडेतीनशे किलोमीटरवरचा बर्फातला मासा हुंगत बसलाय. धरणाकाठच्या भिगवणला पुण्याची माणसं गाड्या काढून चिलापी (तिलापिया) खायला येतात. पहाटे होडीतून उतरलेला मासा सकाळी लिलावात, दुपारी तव्यावर. आमच्याकडे टेंभुर्णीच्या बाजूला हायवेच्या ढाब्यावर कटला, वाम, मरळ जे असेल ते समोर कापून देतात. झाडाखाली बाज टाकलेली. याच्यापेक्षा निवांत काय पाहिजे? तुमच्या भिंतीला टांगलेली होडी आमच्याकडे पाण्यात आहे.

होटगी रोडवाला
नको रे बाबा. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. उन्हाळ्यात पाण्याला हिरवा तवंग येतो. त्यातली चिलापी तुम्हीच खा.

भीमाकाठ
मासा खात नाही, पण पाणी तेच पिता ना? की नळाला दुसरं धरण जोडलंय?

होटगी रोडवाला
पितोय कुठं, येतंय कुठं ते! चार दिवसांनी पाळी, तीही रात्री दोनला. बायको गजर लावून उठते. धरण उशाला, कोरड घशाला. मुंबईचा पाहुणा विचारतो, 'तुमच्याकडे पाण्याला वार असतो?' काय सांगायचं?

विजापूर रोडची वहिनी
आमच्याकडे पाचव्या दिवशी. पहिली पंधरा मिनिटं गढूळ, ते सोडून द्यायचं, मग मोटर लावायची, तोवर शेजाऱ्याने आधीच लावलेली. या विषयावर धागा काढा, पाचशे प्रतिसाद देते.

कडक भाकरी
उजनीहून येणाऱ्या समांतर जलवाहिनीचं नाव ऐकत ऐकत माझ्या मिशा फुटल्या. शाळेत होतो तेव्हापासून 'लवकरच रोज पाणी'.

होटगी रोडवाला
आणि नदीतून शहराच्या पाण्याच्या औज बंधाऱ्यासाठी पाणी सोडतात, त्यातलं निम्मं वाटेतच मोटरींनी उसात जातं. आम्ही घागरी मोजायच्या आणि यांनी ऊस लावायचा. भीमाकाठ साहेब, तुमचा ऊस किती एकर?

भीमाकाठ
आता नीट ऐका. हे धरण झालं तेव्हा आमच्या आजोबांचं घर, मळा, विहीर सगळं पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला येतात. आमच्या गावचा पार वर येतो, त्याचे फोटो कुणी काढत नाही. बदल्यात मिळाली ती जमीन दगडाची. तिथे दोन एकर ऊस लावला तर शहराचं पाणी चोरलं? तुमच्या नळाला पाणी येत नाही ते तुमच्या महापालिकेला विचारा. निवडणुकीत मत आम्ही देत नाही तिथे.

होटगी रोडवाला
भावनिक होऊ नका. निम्मं हा शब्द मागे घेतो. बरंचसं, म्हणू.

भीमाकाठ
उपकार झाले.

सातरस्तेकर
मंडळी, धागा हॉटेलचा होता.

भीमाकाठ
मासा पाण्यात राहतो. पाण्यावर बोलायचं नाही तर कशावर? आणि हो, चिलापीवरही ऐकून ठेवा. आमचे म्हातारे कोळी सांगतात, चिलापी वाढली तशी कटला-रोहू कमी झाली. बारीक जाळी लावून पिल्लंसुद्धा उपसतात. तेव्हा उजनीचा मासा कायम पुरेल अशा भ्रमात मीही नाही. पण शिळ्या सुरमईपेक्षा बरा, यावरून हलणार नाही.

देवगडची लेक
चिलापीला चव कुठली? मातीचा वास येतो.

भीमाकाठ
हळद-मीठ-लिंबू लावून अर्धा तास ठेवायची, मग धुवायची. तिरफळ लागत नाही.

नवीन पेठ
मध्येच बोलतो. खेकडा कुणी मागवत असेल तर मेनूत 'साईझप्रमाणे' लिहिलेलं असतं त्यावर बोट ठेवून आधी रक्कम विचारा. साडूसमोर ऐट म्हणून मी विचारलं नाही. बिल आलं तेव्हा साडू फोनवर बोलायला बाहेर गेला तो पान खाऊनच परत आला. खेकडा कसा होता आठवत नाही.

विजापूर रोडची वहिनी
येत्या रविवारी नणंद येतेय ठाण्याहून, तिला मासेच हवेत. सात माणसं, दोन म्हातारी, एक तान्हं. सातरस्तेकर, तुमच्या डोक्यातलं हॉटेल कळवा. आधी एवढंच सांगा, कडी आहे का?

सातरस्तेकर
आहे. थोडी वाकडी आहे, पण लागते. नाव इथे लिहीत नाही, लगेच जाहिरात म्हणाल, वेगळा मेसेज करतो. साडेसातला जा, नऊनंतर परमिटवाली गर्दी येते. मालकाला सांगितलं तर आतलं कोपऱ्यातलं मोठं टेबल ठेवतो, खुर्च्यांना पाठ आहे. तान्ह्यासाठी एसीच्या झोतापासून लांब बसा. आणि रविवारी सकाळी फोन करून विचारा काय आलंय, सुरमईचा हट्ट धरू नका.

विजापूर रोडची वहिनी
म्हणजे वेळ, टेबल, खुर्ची, एसी. मासा शेवटी. माझंच म्हणणं सांगितलंत की.

सातरस्तेकर
असू दे. बांगडा घ्या.

देवगडची लेक
ते विजापूर रोडच्या अलीकडचं, जिन्याखाली काउंटर असलेलं असेल तर मीही गेलेय. बांगडा खाण्यालायक असतो. कूट घालू नका असं मात्र आधीच बजावा. सोलकढी मागवू नका.

पूर्व भाग
पुलुसू मिळतो का तिथे?

देवगडची लेक
नाही. तुम्ही घरी बोलवा, येते खायला. वाटेत घाटच नाही म्हणालात ना, मग माझा नियम मोडत नाही.

पूर्व भाग
या. पण घाट उतरायला मिळाला नाही म्हणून नंतर तक्रार नको.

होटगी रोडवाला
भीमाकाठ, त्या ढाब्याचा पत्ता टाका. खाणार नाही, माहिती असावी म्हणून.

भीमाकाठ
टाकतो. येताना पाण्याची बाटली घरून आणा, धरणाचं चालत नाही ना तुम्हाला.

कडक भाकरी
ए थांबा बे, आमच्या गल्लीत पाणी आलं. बाकीचं उद्या.