फळांचं सारण भरलेल्या पेस्ट्रीज कुरकुरीत कशा ठेवायच्या? मदत हवी आहे

शनिवारी बरीच माणसं जेवायला आहेत. सफरचंदाचं सारण भरून पफ पेस्ट्री करायचा बेत आहे, पण त्या दिवशी वेळ मिळणार नाही, सगळं आदल्या रात्रीच उरकायला हवं. ओव्हनमधून काढल्यावर पापुद्रे मस्त सुटतात. रात्री डब्यात भरल्या की सकाळी वरून मऊ आणि बुड ओलं, खालच्या कागदाला चिकटलेलं. फ्रिजमध्ये चामट होतात. काहींत कस्टर्डही घालणार आहे. भाजून ठेवू की कच्च्याच?

प्रतिसाद १:
कच्च्याच! सारण पूर्ण गार करून भरा, कडा नीट दाबा, ट्रेवर सुट्ट्या ठेवून फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या आणि मग पिशवीत भरा. भाजताना वितळू द्यायच्या नाहीत, थेट गरम ओव्हनमध्ये. नेहमीपेक्षा थोडी मिनिटं जास्त लागतात, बस. वर चिरा द्यायला विसरू नका, वाफ आत कोंडली तर बुड ओलं होणारच.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत, पण कस्टर्डवाल्या त्यातून वगळा. ते गोठवलं की फुटतं, पाणी सुटतं. त्या ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांच्या आत गार होऊन फ्रिजमध्येच जायला हव्यात, चामट झाल्या तरी चालेल. इथे तडजोड नको. नुसत्या साखरेत शिजवलेल्या फळांच्या मात्र एक-दोन दिवस बाहेर राहतात, फार उकाडा नसेल तर.

धागाकर्ती:
धन्यवाद! मग साध्या कच्च्या गोठवते. पण उरलेल्या भाजलेल्यांचं काय करायचं? आमच्याकडे उरतातच.

प्रतिसाद १:
जाळीवर पूर्ण गार करा, कोमट असताना डबा बंद करू नका. मग सैलसर झाकून ठेवा. हवाबंद डब्यात सारणातला ओलावा बाहेर पडायला वाट नसते, तो पापुद्र्यांतच मुरतो. खायच्या आधी १८० अंशांवर ८-१० मिनिटं ओव्हनमध्ये. मायक्रोवेव्हचं नावही काढू नका.

प्रतिसाद ३:
सारणाकडेही बघा की. सफरचंदाला साखर लावून अर्धा तास ठेवा, सुटलेलं पाणी वेगळं आटवून पाक दाट करा आणि परत मिसळा. गोठवायचं असेल तर कॉर्नफ्लोअरऐवजी टॅपिओका स्टार्च बरा, कॉर्नफ्लोअरचं सारण गोठून वितळलं की पाणी सोडतं. साखरेचा ग्लेझ भाजून झाल्यावरच, वाढायच्या आधी.

धागाकर्ती:
हे पाक आटवायचं सुचलंच नव्हतं. कस्टर्डवाल्या यावेळी रद्द, उगाच दोन-दोन व्याप कोण करणार!