इमिग्रेशन स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा) नसलेल्या मुलीचा कॉलेज प्रवेश (कॅलिफोर्निया): अर्ज, फी, मदत

प्रश्न – बेएरियावाली

कॅलिफोर्नियात पब्लिक हायस्कूलला अकरावीत असलेल्या मुलीसाठी विचारते आहे. दहा वर्षांची असताना बी-२ (पर्यटक) व्हिसावर आई-वडिलांबरोबर आली, आय-९४ ची (प्रवेशाच्या नोंदीवरची) मुदत कधीच संपली. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, डाका (लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना) नाही. वडील आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा टॅक्स नंबर) टॅक्स भरतात. धाकटा भाऊ इथेच जन्मलेला आहे. मुलीचे मार्क उत्तम आहेत. "पासपोर्ट भारताचा, म्हणजे इंटरनॅशनल म्हणून अर्ज करा" असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. ते बरोबर आहे का? फाफ्सा (केंद्राच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरायचा का? आणि कॉलेजकडून माहिती इमिग्रेशनकडे जाईल या भीतीने आई अर्जच नको म्हणते आहे. तिला काय सांगावं?

उत्तर – अर्जतपासनीस

इंटरनॅशनल म्हणून अजिबात नको. भारतीय कुटुंबांत हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महागात पडते. कॉलेजच्या भाषेत इंटरनॅशनल म्हणजे एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर येणारा विद्यार्थी. तसा अर्ज केला की आय-२० (एफ-१ साठी कॉलेज देतं तो फॉर्म), बँकेतल्या पैशांचा पुरावा, व्हिसाची प्रत यांची मागणी सुरू होते आणि फीसुद्धा परराज्याची लागते. ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त मुक्काम) झालेल्या मुलीला अमेरिकेत बसून एफ-१ वर जाता येत नाही, त्यामुळे ती वाट तशीही बंद आहे.

नागरिकत्व आणि फीसाठीचं रेसिडेन्सी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्जात नागरिकत्वाच्या यादीतून "नो सिलेक्शन" निवडायचं, कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) अर्जात "नन". सोशल सिक्युरिटीची चौकट रिकामी सोडायची. तिथे आयटीआयएन टाकू नका आणि नऊ शून्यंही नकोत.

कुठल्याही फॉर्मवर, अगदी पार्टटाइम नोकरीच्या आय-९ या कामाची परवानगी तपासायच्या फॉर्मवरसुद्धा, "यूएस सिटिझन" या चौकटीत खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा ही इमिग्रेशन कायद्यात जवळपास माफी नसलेली गोष्ट आहे. पुढे ग्रीन कार्डाची संधी आली तरी ती त्या एका खुणेवर अडते.

फीचा प्रश्न एबी ५४० सोडवतो. हा कायदा २००१ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या शाळेत तीन वर्षं पूर्णवेळ शिक्षण आणि इथूनच हायस्कूल पूर्ण, एवढं असलं की परराज्याची जादा फी माफ होते. २०२५-२६ ला नव्याने आलेल्यांसाठी यूसीत ही जादा रक्कम वर्षाला ३७,६०२ डॉलर आहे, म्हणजे हा मुद्दा किती मोठा आहे ते बघा. प्रवेश मिळाल्यावर कॅम्पसला एक प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. "कायदेशीर स्टेटससाठी पात्र होताच अर्ज करीन" असं त्यात लिहिलेलं असतं. ते वाचून लोक दचकतात, पण हा कागद कॉलेजच्या दप्तरीच राहतो. घोळ होतो तो उशिरामुळे. प्रतिज्ञापत्र किंवा शाळेची शेवटची ट्रान्सक्रिप्ट पोचली नाही की ऑगस्टमध्ये परराज्याचं बिल येतं आणि घरी घबराट उडते. कागद पोचले की बिल दुरुस्त होतं, पण तोवर वर्ग निसटू शकतात. म्हणून मे-जूनमध्येच उरकून टाका.

अर्जाची फी यूसीत दर कॅम्पसला ८० डॉलर आहे. उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसपर्यंत माफ होते आणि एबी ५४० वाल्यांनाही ती सवलत आहे. यूसीचा अर्ज ३० नोव्हेंबरपर्यंत भरायचा.

उत्तर – पैशांचा_हिशेब

मदतीबद्दल मी लिहितो. तिने फाफ्सा भरायचा नाही. केंद्राची मदत, म्हणजे पेल ग्रँट (परत न करायची मदत), सरकारी कर्ज, वर्क-स्टडी (अनुदानित अर्धवेळ नोकरी), तिला मिळूच शकत नाही. तिचा फॉर्म कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन. तो राज्याच्या स्टुडंट एड कमिशनकडे जातो, केंद्राकडे नाही. नावात "ड्रीम" असल्यामुळे डाका लागतो असा गैरसमज आहे. लागत नाही. आज हायस्कुलात असलेल्या मुलांना डाका मिळणं तसंही शक्य नाही, कारण १५ जून २००७ पासून अमेरिकेत असण्याची अट आहे आणि यातली बहुतेक मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती.

कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीची नेहमीची शेवटची तारीख २ मार्च. पण नुसता फॉर्म पुरेसा नाही, शाळेने जीपीएसुद्धा (मार्कांची सरासरी) त्याच तारखेच्या आत पाठवावा लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसला की दोन नोंदी जुळवायला नाव आणि जन्मतारीखच उरते. आपल्याकडे तिथेच गाडी अडते. शाळेत मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव लागलेलं, फॉर्मवर ते नाही, किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे. मग जीपीए एका खात्यात, अर्ज दुसऱ्यात, आणि ग्रँट नाही. शाळेच्या रेकॉर्डवर जसं नाव आहे अक्षरशः तसंच फॉर्मवर लिहा. फेब्रुवारीत वेबग्रँट्स या कमिशनच्या साइटवर खातं उघडून जीपीए दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर काउन्सेलरकडून दुरुस्त करून घ्यायला तेव्हा वेळ असतो.

यूसीत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १,००,००० डॉलरच्या आत असेल तर ब्लू अँड गोल्ड योजनेत ट्यूशन भरून निघते, आणि ड्रीम ॲक्टचा अर्ज भरलेले एबी ५४० विद्यार्थीही त्यात येतात. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा आणि कॅम्पसवर राहिलं तर तो ट्यूशनहून जास्त असतो. हिशेब करताना नेमकं हेच लोक विसरतात. घरून जाता येईल असं कॅम्पस किंवा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग ट्रान्सफर, हा मार्ग कमीपणाचा मानू नका. कर्जच लागलं तर यूसी आणि कॅल स्टेटमध्ये ड्रीम लोन आहे, वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत. खासगी बँकेचं कर्ज सहसा नागरिक सहकर्जदाराशिवाय मिळत नाही.

बेएरियावाली

खूप उपयोगी पडलं, मनापासून आभार. धाकट्याचं काय? आणि खासगी कॉलेजं?

पैशांचा_हिशेब

भाऊ नागरिक आहे, त्याला पेलसकट सगळी मदत लागू. पेल ग्रँट २०२५-२६ ला कमाल ७,३९५ डॉलर आहे. पालकांचं स्टेटस त्याच्या पात्रतेच्या आड येत नाही. मात्र फाफ्सात पालकालाही स्वतःचं खातं उघडून सही करावी लागते. नंबर नसलेल्या पालकांसाठी तशी सोय आहे. ते करायचं नसेल तर मिश्र स्टेटसच्या घरातली नागरिक मुलंही कॅलिफोर्नियाचा ड्रीम ॲक्ट अर्ज भरू शकतात. तेव्हा राज्याची मदत मिळते, पेल जातं. हा निर्णय त्या घराने शांतपणे घ्यावा, बाहेरच्याने ढकलू नये.

उत्तर – एडिसनकर

खासगी कॉलेजांत सगळा खेळ त्या कॉलेजच्या स्वतःच्या पैशांवर असतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी प्रवेश देताना पैशांची गरज बघत नाहीत, नागरिकत्व काहीही असो, आणि गरज पूर्ण भागवतात. इतर अनेक कॉलेजं अमेरिकन हायस्कूलमधून आलेल्या अनडॉक्युमेंटेड मुलांना देशातलेच धरतात, काही इंटरनॅशनलच्या ढिगात टाकतात. दोन्हींत मदतीचा फरक प्रचंड असतो. म्हणून अर्जाआधी ॲडमिशन ऑफिसला ईमेलवर विचारा: "तुम्ही कुठल्या गटात वाचता? पूर्ण गरज भागवता का?" नाव न देताही विचारता येतं. फाफ्साऐवजी सीएसएस प्रोफाइल हा कॉलेजच्या मदतीसाठीचा अर्ज लागतो, त्यातही नंबर न देता पुढे जाता येतं.

परराज्याचा विचार असेल तर जपून. न्यू जर्सीत इन-स्टेट फी २०१३ च्या आणि राज्याची मदत २०१८ च्या कायद्याने मिळते, पण त्यासाठी तीन वर्षं तिथल्याच हायस्कुलात काढलेली हवीत. टेक्सासने हा कायदा २००१ मध्ये सर्वांत आधी केला आणि तिथेच तो जून २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने गेला. फ्लोरिडाने १ जुलै २०२५ पासून सवलत काढली. जॉर्जिया टेकसारख्या संस्था तर अशा मुलांना प्रवेशच देत नाहीत. केंद्र सरकारने २०२५ मध्ये कॅलिफोर्नियावरही खटला भरला आहे, तेव्हा कुठलीही जुनी पोस्ट, या धाग्यासकट, तारीख बघून वाचा.

प्रश्न – एच४ची_आई

हे एच-४ ला (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) लागू आहे का?

अर्जतपासनीस

नाही. वैध एच-४ असताना एबी ५४० आणि ड्रीम ॲक्ट दोन्ही लागू होत नाहीत. यूसीत एच-४ वाल्यांना नेहमीच्या नियमाने राज्याचे रहिवासी ठरता येतं. २१ व्या वर्षी स्टेटस जातं, त्याची आखणी वेगळी. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

उत्तर – दाराआड

आईच्या भीतीबद्दल. कॉलेजं इमिग्रेशनच्या सेव्हिस यंत्रणेत नोंद करतात ती एफ-१, जे-१ सारख्या विद्यार्थी-व्हिसांची. ही मुलगी त्या यादीत येतच नाही. फेर्पा या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याचं रेकॉर्ड संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय सहसा देता येत नाही. एक फट मात्र आहे: नाव, पत्ता, फोन ही "डिरेक्टरी माहिती" कॉलेज देऊ शकतं. ती बंद करायचा फॉर्म रजिस्ट्रारकडे असतो, पहिल्याच आठवड्यात भरावा. जानेवारी २०२५ पासून शाळा-कॉलेजांत कारवाई टाळण्याचं धोरण उरलेलं नाही, तेव्हा धोका शून्य आहे असं आईला सांगू नका. पण हॉस्टेलच्या खोलीसारख्या खासगी जागेत संमतीशिवाय शिरायला न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. इमिग्रेशन अधिकाऱ्याने सही केलेला कागद म्हणजे ते नव्हे.

कॅल स्टेट आणि कम्युनिटी कॉलेजात ड्रीम रिसोर्स लियाझन (अशा विद्यार्थ्यांना मदत करणारे कर्मचारी) असतात. यूसी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना यूसी इमिग्रंट लीगल सर्व्हिसेस सेंटरकडून मोफत वकील मिळतो.

तो सल्ला १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत घ्यावा. बेकायदा मुक्कामाचे दिवस १८ नंतर मोजले जातात. १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं आणि वर्षभर राहून सोडला तर दहा वर्षं परत येता येत नाही. म्हणूनच सेमिस्टर अब्रॉड किंवा आजीला भेटायला भारत, यातलं काहीही वकिलाला विचारल्याशिवाय नको.

आणि जुने पासपोर्ट, त्यावरचा विमानतळावरचा शिक्का, आय-९४ यांच्या प्रती जपा. व्हिसावर रीतसर आत आल्याचा तो पुरावा आहे. भाऊ २१ चा झाल्यावर आई-वडिलांसाठी अर्ज करू शकेल आणि रीतसर प्रवेश असल्यामुळे ओव्हरस्टे होऊनही त्यांना देश न सोडता ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. बहिणीसाठी भावाचा अर्ज मात्र फार लांबच्या रांगेत जातो, म्हणून तिच्या बाबतीत दुसरा काही मार्ग आहे का ते वकिलाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या.