मदत हवी आहे: भजनाच्या कॅसेटमधले टाळ एमपी३मध्ये फिसकटलेत, फ्लॅक करूनही तसेच

पंचवटीत आजोबांचं भजनी मंडळ होतं. त्यांच्या एकादशीच्या भजनांच्या १४ कॅसेट माळ्यावर सापडल्या. एका दुकानातून पेनड्राइव्हवर करून घेतल्या. ६० मिनिटांच्या कॅसेटची फाइल जेमतेम ५७ एमबी, १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३. आजोबांचा आवाज ठीक, पखवाजही चालून जाईल, पण टाळ! 'छन्न'च्या जागी 'फिस्स'. टेपरेकॉर्डरवर तीच कॅसेट खणखणीत वाजते. फ्लॅक या फाइलच्या प्रकारात आवाजातलं काही गमावत नाही असं कळलं म्हणून सगळ्या फाइल फ्लॅक केल्या. आकार चौपट, टाळ तसेच. दुकानदार म्हणतो, "कानाला फरक कळत नाही." आईला ७२व्या वर्षी कळला. काय करू?

प्रतिसाद १:
फ्लॅक गमावत नाही हे खरं, पण जे गेलंय ते परत कुठून आणणार? लासलगावचा कांद्याचा भाव रोज पूर्ण न लिहिता 'कालपेक्षा २० वर' एवढंच टिपलं, तरी मूळ आकडे जसेच्या तसे काढता येतात. फ्लॅकचं काम साधारण असंच, आवाजाचा पुढचा आकडा अंदाजायचा आणि चूक तेवढी लिहायची. एमपी३ मात्र कानाला ऐकू येणार नाही असं वाटेल ते सरळ टाकून देतं. शिवाय ते आवाज ११५२ नमुन्यांच्या (आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजमापांच्या) चौकटीत घेतं, सीडीच्या दराने सुमारे २६ मिलीसेकंद. टाळाचा ठोका त्याहून कितीतरी झटकन येतो, मग या टाकण्यातून येणारी खरखर चौकटभर, ठोक्याच्या आधीही पसरते. तुमचं 'फिस्स' बहुधा तेच. त्यात १२८ला बरेच एन्कोडर (एमपी३ बनवणारे प्रोग्राम) १६-१७ किलोहर्ट्‌झच्या वरचं छाटतात.
तेव्हा कॅसेटवरून पुन्हा घ्या. वेव्ह (न दाबलेली फाइल), ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ. तासाला ६३५ एमबी होतील, मग फ्लॅक करून ठेवा. नातेवाइकांना पाठवायला त्यातूनच २५६ केबीपीएसचं एमपी३ किंवा ऑपस (एमपी३सारखाच लहान फाइलचा प्रकार) काढा. आत्ताच्या एमपी३वरून पुन्हा एमपी३ अजिबात नको, झेरॉक्सची झेरॉक्स होते.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार! टेपरेकॉर्डरला फक्त हेडफोनचं भोक आहे, लाइन-आउट नाही. चालेल?

प्रतिसाद १:
चालेल, आवाज निम्म्याच्या खाली ठेवा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, बहुतेक ठिकाणी ते मोनो (डावा-उजवा वेगळा न घेणारं) असतं. यूएसबीचं छोटं साउंडकार्ड घ्या. आणि आधी टेपरेकॉर्डरचं हेड (टेप वाचणारा भाग) स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, नाहीतर टाळ पुन्हा दबतील आणि शिव्या बिचाऱ्या फ्लॅकला.